सोडली नाही, गेली : आठ-सातच्या लेडीज डब्याला खुले पत्र

आठ-सातच्या लोकलच्या मधल्या लेडीज डब्यातल्या सगळ्याजणींना,

रथसप्तमीच्या आठवड्यात मी गाडीतून जी गायब झाले ती अजून उगवलेली नाही. ग्रुपवर तुम्ही विचारलंत, "अगं, आहेस कुठे?" मी अंगठा टाकला. आठ दिवसांनी पुन्हा विचारलंत, तेव्हा लिहिलं, "जरा ब्रेक घेतलाय." त्यावर बदामांचा पाऊस पडला आणि कोणीतरी लिहिलं, "मज्जा आहे बाई तुझी!"

मजा नव्हती आणि ब्रेकही नव्हता. माझी नोकरी गेली.

हे तीन शब्द तुम्हाला लिहायला मला तीन महिने लागले. ग्रुपवरच टाकता आलं असतं, पण तिथे ते सुप्रभाताच्या गुलाबांखाली सकाळी नऊपर्यंत गाडलं गेलं असतं. शिवाय अशी मी एकटीच असेन असं वाटत नाही. सात-चाळीसच्या डब्यात, नऊ-दोनच्या डब्यात कोणीतरी आज "तब्येत बरी नव्हती" सांगत असणार. म्हणून पत्र उघडंच ठेवतेय.

मंगळवार होता. सकाळी अकराच्या मीटिंगचं निमंत्रण आलं, विषय नुसता "कनेक्ट". आत गेले तर साहेबांच्या शेजारी एचआरची मुलगी, माझ्या पुतणीच्या वयाची. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या आणि टिश्यूचा कोरा डबा. तो डबा पाहिला आणि मला कळलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत टिश्यू कधी नव्हते. लोक खिशातला रुमाल वापरायचे.

आरोग्य विम्याच्या क्लेमचे कागद वाचायचं आमचं काम आता बरंचसं यंत्र करणार, बावीसातले आठजण राहणार, मी त्या आठात नाही. मुलीने दोन कागद पुढे सरकवले. एक राजीनामा, आधीच टाइप केलेला, कारण "वैयक्तिक". दुसऱ्यावर दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम. "मॅम, रेकॉर्डवर रेझिग्नेशन बरं दिसतं. पुढच्या ठिकाणी तुम्हालाच त्रास नको." आवाजात खरंच काळजी होती, म्हणून तिच्यावर मला अजूनही धड रागावता येत नाही. वीस मिनिटांत मी सही करून बाहेर आले.

दिवसाला साठ-सत्तर क्लेम वाचणारी बाई मी. डिस्चार्ज कार्डाच्या तिसऱ्या पानावर "दोन वर्षांपासून मधुमेह" असं कोपऱ्यात लिहिलेलं मी पकडायचे. आणि स्वतःचा कागद मी न वाचता सही केला.

जेवणाचा डबा जागेवरच राहिला होता. घ्यायला वळले तर दाराशी कार्ड लागेना, हिरव्याऐवजी लाल दिवा. रोज "राम राम ताई" म्हणणारा सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये डोकं घालून बसला. मग न बोलता उठला, वर गेला आणि माझा डबा दोन्ही हातांत धरून घेऊन आला.

लोअर परळहून दादर, दादरहून दुपारची अंबरनाथ. लेडीज डबा रिकामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला खिडकी मिळाली, तीही वाऱ्याची. घाटकोपर गेल्यावर डबा उघडला. मेथी होती. आदल्या संध्याकाळी परतीच्या गाडीत तुम्ही तिघींनी माझ्याबरोबर निवडलेली तीच जुडी. क्लिपा-टिकल्या विकणारी समोर टेकली आणि म्हणाली, "आज लवकर सुटलात ताई?" मी म्हटलं, "हाफ डे." पहिलं खोटं तिच्याशी बोलले. डोंबिवली आलं तेव्हा उतरले नाही, कारण दोन वाजता दार वाजवलं की काहीतरी सांगावं लागणार. अंबरनाथच्या फलाटावर साडेचारपर्यंत बसून होते. नवऱ्याला त्याच रात्री सांगितलं. सासूबाईंना आठ दिवसांनी. तुम्हाला आज.

माझे वडील, आमचे दादा, गिरणीत होते, साचे खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते असं आता सगळीकडे लिहिलेलं असतं. मला आठवतात ते एकटे माझे दादा, लालबागच्या खोलीच्या दारात पाट टाकून बसलेले. दीड वर्षाने आम्ही खोली सोडून डोंबिवलीला आलो. दादा एका बिल्डिंगवर रखवालदार झाले. पण कोणी विचारलं, "काय करता?" की उत्तर ठरलेलं: "गिरणीत असतो. सध्या संप चालू आहे." १९८५ लाही हेच, १९९२ लाही हेच. आम्ही पोरं तोंड लपवून हसायचो. खरं म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, कारण तो संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही. १६ जानेवारी १९९७ ला संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची हत्या झाली, त्या संध्याकाळी दादा रेडिओ बंद करून म्हणाले, "डॉक्टर गेले. आता संप मागे कोण घेणार?" त्यापुढेही सात वर्षं ते जगले, आणि कागदोपत्री संपावरच गेले.

माझं ऑफिस अशाच एका गिरणीच्या जागेवर होतं. काचेची इमारत, आवारात जपून ठेवलेली चिमणी, चिमणीखाली दोनशे रुपयांची कॉफी. दादांच्या "संप चालू आहे"ला हसणारी मी, तिथून बाहेर पडून "ब्रेक घेतलाय" म्हणत होते. रक्ताचा गुण, दुसरं काय!

आता जे लिहायचंय ते जरा टोचेल. तुमच्यातल्याही काहींना टोचेल, रागावू नका. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, नेमकी बारावीच्या वेळेला घरी आलीस." शेजारची म्हणाली, "किती वर्षं धावलीस, आता आराम कर." माझी सख्खी बहीण म्हणाली, "भाऊजींचा पगार आहे ना, मग काय?" तिघीही प्रेमाने बोलल्या. माझ्याच टीममधल्या एका पुरुष सहकाऱ्याची नोकरी त्याच दिवशी गेली. त्याच्याकडे माणसं भेटायला जातात, खाली मान घालून बसतात, चहा घेताना आवाज हळू करतात. माझ्याकडे आल्या त्या म्हणाल्या, "पडदे छान धुतलेस गं!"

माझ्या पगारातून घराचा हप्ता जायचा. नवऱ्याच्या पगारातून बाकीचं. हे घरातल्या चार माणसांना ठाऊक आहे, तरी माझी नोकरी "जाते" तेव्हा ती आपोआप "सोडलेली" होते. बाईची नोकरी म्हणजे जणू बाहेर पडलेला पाय, तो परत उंबऱ्याच्या आत आला एवढंच.

आणि हे लिहिताना एक गोष्ट लख्ख आठवली, जी माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. लालबागला माझी आई खाणावळ चालवायची. गावाहून आलेले एकटे कामगार, कोणी देवगडचा, कोणी साताऱ्याकडचा, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांत जेवून जायचे. बावीस ताटं. गिरणगावात अशा बायका किती होत्या ते प्रेमाताई पुरवांना विचारायला हवं होतं. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. आई त्या मंडळात नव्हती, पण काम तेच. संप लांबला तसे ते बावीसजण एकेक करून गावी गेले आणि खाणावळ बंद पडली. म्हणजे आमच्या घरात १९८२ साली दोन नोकऱ्या गेल्या. एकीला संप म्हणतात. दुसरीला नाव नाही. आईने मोठी पातेली मोडीत घातली आणि त्या रात्री नेहमीसारख्या भाकऱ्या थापल्या. तिला कोणी भेटायला आलं होतं का, हे विचारायला ती आता नाही.

"सोडली" आणि "गेली" यांच्यातला फरक नुसता मनाचा असता तर एवढं लांबण लावलं नसतं. तो पैशांचाही आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. कळवला कोणी, तर आपल्या मुलुंडच्या टीचरच्या नणंदेने, जी कामगार न्यायालयात वकिली करते. टीचर, तुम्हाला हे माहीतही नाही. मी नंबर तुमच्या जुन्या मेसेजमधून शोधला आणि तुमचं नाव न सांगता फोन केला.

तिने सांगितलं ते असं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, आणि शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी जी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तिच्यातही आहे. तिच्यात आणखी एक भर आहे: कपात झालेल्याला नवं काही शिकता यावं म्हणून १५ दिवसांचा पगार, ४५ दिवसांच्या आत थेट खात्यात. आणि साधारण रीत अशी की त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो. माझ्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी आलेली मुलं राहिली, मी गेले.

हिशेब करा. चौदा वर्षांमागे १५-१५ दिवस म्हणजे जवळजवळ सात महिन्यांचा पगार. मला मिळाले दोन. उरलेले पाच महिने त्या "वैयक्तिक कारणास्तव" या दोन शब्दांत गेले. राजीनामा दिलेल्या माणसाची कपात कशी होईल?

यात एक मेख आहे, तीही सांगते. हे सगळं कायद्याच्या "कामगार" या शब्दात बसणाऱ्यांना. मॅनेजर त्यात येत नाहीत, आणि महिना १८ हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षकही येत नाहीत. माझ्या कार्डावर असिस्टंट मॅनेजर छापलेलं होतं. पण वकीलबाई म्हणाल्या की कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, प्रत्यक्षात काम काय होतं ते बघतं. आता माझ्या हाताखाली माउस सोडून कोणी नव्हतं. त्या जोरावर मी बीकेसीतल्या कामगार भवनात अर्ज दिलाय की राजीनामा दबावाखाली घेतला. त्याचं काय होईल ते होईल. पण अर्जात मी पहिल्यांदा लिहिलं, "मला कामावरून कमी करण्यात आले", आणि लिहून झाल्यावर जरा पाठ सरळ झाली.

वकील परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. बऱ्याच पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, आपल्याला नाही. १५१०० वर फोन करून विचारता येतं. मिटिंगला बोलावलं आणि टेबलावर टिश्यू दिसले तर एवढंच म्हणा, "कागद घरी नेऊन वाचते, उद्या सांगते." कोणी बांधून ठेवत नाही.

ग्रॅच्युइटीचं मात्र मी पकडलं. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझा मूळ ३१,२००, म्हणजे वर्षाला बरोबर १८ हजार. कंपनीच्या तक्त्यात वर्षं १३ धरली होती. मला झाली होती १३ वर्षं ८ महिने, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा ग्रॅच्युइटीत पूर्ण वर्ष मोजतात. दोन ओळींची मेल केली, दुसऱ्या दिवशी १८ हजारांनी आकडा वाढून आला, २,५२,०००. "दिलगीर आहोत, सिस्टिम एरर." त्या दिवशी मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापतात त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे, खिडकीवाल्या काकू, तुमच्या सुनेला सांगा. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ५० टक्के रक्कम मिळण्याची सोय आहे. अटी आहेत, पण ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारायला काय जातं?

आणि दिव्याखालचा अंधारही सांगून टाकते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो हे मी हजार लोकांना फोनवर सांगितलंय. माझ्या सासूबाई त्याच पॉलिसीत होत्या. मला आठवलं चौथ्या दिवशी, त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणताना. नोकरी जायच्या आधी किंवा लगेच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून द्यायचा अर्ज केला की आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळ, वाया जात नाही. मी ओळखीपाळखी लावून कसंबसं जमवलं. तुम्ही तशी वेळ आणू नका.

रात्रींबद्दल थोडंच लिहिते. दोन-सव्वादोनला डोळे टक्क उघडायचे. छातीत धडधड. डोक्यात एकच पट्टी फिरायची: मी नाकारलेले क्लेम. "आपला दावा मंजूर करता येत नाही हे कळवण्यास खेद वाटतो." हे वाक्य मी स्वतः किती जणांना पाठवलं असेल! नियमाप्रमाणेच पाठवलं, पण रात्री दोनला नियम सोबत नसतो. एका रात्री गॅलरीत जाऊन १४४१६ लावला. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने मला उपदेश केला नाही. तिने विचारलं, "तुम्ही हे घराबाहेर कोणाला सांगितलंय?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "रोज कोणाबरोबर सगळ्यात जास्त बोलायचात?" मी जरा वेळ गप्प होते. मग म्हटलं, "गाडीतल्या बायकांशी."

खरंच तसं होतं. नवऱ्याशी दिवसाचं बोलणं वीस मिनिटं होतं का, शंकाच आहे. तुमच्याशी रोज जाऊन-येऊन दोन तास. भाजी, सासवा, गुडघे, मुलांचे मार्क, साड्यांचे हप्ते, दसऱ्याला डब्याला बांधायचं तोरण, संक्रांतीचं वाण. नोकरीबरोबर पगार जाईल हे कळलं होतं. डबाही जाईल हे लक्षात आलं नव्हतं. तीन महिन्यांचा पास जानेवारीतच काढला होता. स्वतःला सांगायचे, पास संपेपर्यंत काहीतरी मिळेल. ११ एप्रिलला पास संपला. तो अजून पर्समध्येच आहे.

काम शोधायचं म्हणाल तर सुरुवातीला मी ते बारावीच्या अभ्यासासारखं केलं. पोरगी एका टेबलाला, मी दुसऱ्या. चाळीसच्या वर अर्ज, उत्तरं सात, मुलाखती तीन. पहिल्या मुलाखतीत "ब्रेक" म्हटलं. समोरची म्हणाली, "घरगुती अडचण होती का? पुन्हा येऊ शकते का?" म्हणजे राजीनाम्याने रेकॉर्ड चांगलं दिसणार होतं ते असं. दुसरीत सरळ सांगितलं की बावीसातले चौदा कमी केले, त्यात मी. समोरचा गृहस्थ म्हणाला, "हो का, आमच्याकडेही मागच्या वर्षी झालं," आणि पुढचे पंधरा मिनिटं आम्ही कामाबद्दल बोललो. नोकरी तिथेही मिळाली नाही. पण तोंड लपवून आले नाही.

लेकीने माझ्या लिंक्डइनच्या फोटोभोवती ते "काम हवंय" सांगणारं हिरवं कडं लावलं. मी म्हटलं, काढ ते, गळ्यात पाटी अडकवल्यासारखं वाटतं. तिने काढलं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या मुलाचा फोन आला. तो आता एका हॉस्पिटलात कॅशलेस डेस्क सांभाळतो. २०२४ पासून विमा नियामकाने घड्याळ लावलंय ना, कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात उत्तर आणि घरी सोडताना तीन तासांत मंजुरी. त्यामुळे हॉस्पिटलांना असं माणूस हवं असतं ज्याला पलीकडचा क्लेमवाला काय वाचतो आणि कशावर अडतो ते ठाऊक आहे. मी तर त्या पलीकडच्याच खुर्चीत बसायचे! सध्या डोंबिवलीतल्या एका नर्सिंग होममध्ये आठवड्यातून तीन दिवस असंच काम करते. पैसे आधीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. परवा एका आजींचा मोतीबिंदूचा कागद एका ओळीने अडला असता, तो मी पाठवायच्या आधीच डॉक्टरांकडून नीट लिहून घेतला. चाळीस मिनिटांत मंजुरी आली. यंत्राने वाचला की माणसाने, मला माहीत नाही.

आता भिशी. मी दुसरा नंबर उचलला, नोव्हेंबरात, लेकीच्या क्लासच्या फीसाठी. छत्तीस हजार घेतले आणि फेब्रुवारीपासून गप्प. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तीन हप्ते थकले, नऊ हजार. ज्याने आधी उचलली त्याने पळून जाणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको. आमच्या चाळीत यावरून डोकी फुटलेली पाहिलीत. ग्रॅच्युइटी आली त्या दिवशी पैसे पाठवता आले असते. पण त्याबरोबर एक ओळ लिहावी लागली असती, आणि ती ओळ मला सुचत नव्हती. पैसे होते, शब्द नव्हते, असं पहिल्यांदाच झालं.

आणि मग कळलं की एप्रिलचा नंबर ज्यांचा लागला त्या कळव्याच्या सिस्टरना पूर्ण छत्तीस हजार मिळाले. मार्चवालीलाही मिळाले, फेब्रुवारीवालीलाही. म्हणजे माझे तीन-तीन हजार कोणीतरी भरले, आणि ग्रुपवर चकार शब्द नाही. बँकवाल्या ताई, तुम्ही भरलेत की सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेत? आज नऊ हजार तुमच्या खात्यावर टाकलेत. पुढचे पाच हप्ते वेळेवर येतील. पण कोणी भरले ते मला सांगा. मला त्यांच्याशी भांडायचंय.

एक मागणं आहे. आपल्यातली एखादी चार दिवस दिसली नाही तर मेसेज टाकू नका, फोन लावा. मेसेजला अंगठा दाखवता येतो, फोनवर आवाज लपत नाही. आणि ती म्हणाली, "नोकरी गेली," तर कृपा करून "बरं झालं" म्हणू नका. कधी गेली, कागदावर काय लिहिलंय, सही केलीस का, एवढं विचारा.

सोमवारी घाटकोपरला एका हॉस्पिटलात मुलाखत आहे, दहा वाजता. आठ-सातलाच येतेय. पास नाही, रिटर्न तिकीट काढेन. खिडकी नको, चौथी सीट दिलीत तरी चालेल, घाटकोपरला उठायचंच आहे. कोणाची पालेभाजी निवडायची राहिली असेल तर घेऊन या, माझे हात मोकळे आहेत.

तुमची,
दोन नंबरची भिशी उचलणारी